काकूच्या माशांचं चांदणं

माझं माहेर पूर्ण्याचं, बाप रेल्वेत गँगमन, अन् मला दिली सेलूत वायरमनच्या घरी. काय सांगू तुमाला, लग्नाआधी मी साधा बल्ब बी बदलला नव्हता. मालकाच्या कमरेचं हाड मोडलं, तवापासून तेनी खाटेवरून सांगायचं अन् मी लोकाच्या घरी जाऊन करायचं, असं करत करत शिकले. आधी बाई शिडीवर चढली की लोक बघत उभे ऱ्हायचे, आता बोलावतेत.

तर हे माशांचं. मागच्या गल्लीत एक गुरुजी ऱ्हातेत, रिटायर झालेले, लेकी लांब दिल्या, घरात ते, काकू अन् माशांची काचेची पेटी. काकू माशांशी बोलतेत, खरंच बोलतेत. तेंचं म्हणणं एकच, पेटीवरची ट्यूब बंद केली की एकदम अंधार होतो अन् मासे घाबरून काचेवर आदळतेत, एक तर मेला. सुमन, चांदण्यावानी उजेड करून दे म्हणल्या.

म्हणलं देते की. बारके निळे एलईडी आणले, पेटीच्या पत्र्याच्या झाकणाला भोकं पाडून ट्यूबच्या शेजारी बसवले, भरदुपारी पडदे लावून बटण दाबलं. लय सुंदर दिसलं हो, निळं निळं पाणी अन् मासे शांत फिरायलेत. मग ट्यूब लावली अन् सवयीनं टेस्टर झाकणाला टेकवला, तर टेस्टर पेटला, म्हंजे पत्र्यात करंट उतरलेला. अन् वर बघते तर काकू माशांच्या खाण्याची डबी घेऊन आलेल्या, हात झाकणापाशी. काकू मागं व्हा, हात लावू नका, अशी वरडले अन् पळत जाऊन मेन स्विच पाडला. डबी खाली सांडली.

झाकण उचलून बघितलं, भोक पाडताना ट्यूबची वायर सोलली गेलती, उघडी तार पत्र्याला टेकलेली. गुरुजीनं इचारलं, काय गं, जुनी वायर खराब होती का? आता बघा, हो म्हणलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण म्हणलं, न्हाई गुरुजी, माझ्याच हातानं सोलली, काकू आज माझ्यामुळं गेल्या असत्या.

गुरुजी म्हणले, आता घरी जा.

घरी येऊन मालकाला सगळं सांगितलं. मालक म्हणले, खरं सांगितलंस ना, आता तेंची मर्जी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच दारात. काम अर्धं टाकून बसलीस व्हय, चल म्हणल्या. गेले. सगळी वायर नवी टाकली, पत्र्याला अर्थिंग दिलं, चारी बाजूनं तपासलं, अन् झाकणावर पैला हात मी ठेवला, मगच काकूला जवळ येऊ दिलं.

आता मासे आदळत न्हाईत. तेंच्या घरचं सगळं काम मीच करते, पंखा म्हणा, मिक्सर म्हणा. पण मी काम करायले की गुरुजी अजून बी मेनपाशी उभे ऱ्हातेत, बटणावर बोट ठेवून. मला राग येत न्हाई. ऱ्हाऊ द्या उभे. दोघं धडधाकट असावेत, बस, दुसरं काय मागू मी.