पाटीवरचा परदेशी चहा

चहाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्र्यंबकेश्वरला माझी टपरी आहे. समोर कॉफीवाला आला आणि माझं गिऱ्हाईक तिकडं वळलं. नात किर्गिजस्तानात डॉक्टरकी शिकते. सुट्टीत आली, तेव्हा परदेशी पाहुणे यावेत म्हणून तिनं पाटीवर रशियन अक्षरांत ‘चाय’ लिहिलं.

म्हणाली, “आबा, तिकडच्या कितीतरी देशांत हाच शब्द, हीच अक्षरं. मूळ चीनचा, आपलाही तिथलाच.”

“गिऱ्हाईक येईल ना?”

“येईल की!”

आलं. पाटी वाचून तिघं परदेशी बाकड्यावर बसली. रशियन बाप्याला दूध नको, लिंबू पाहिजे. बल्गेरियाची बाई कप हुंगून म्हणाली, आमच्यात चाय म्हणजे पाला उकळून आजाऱ्याला देतात.

मी नातीला म्हटलं, “मग ‘काढा’ लिहायचं ना, बये!”

तिसरी पोरगी किर्गिज. तिला दूध चाललं. म्हटलं, एक तरी शहाणी निघाली. तिनं मीठ मागितलं.

थोड्या वेळानं तिघंही समोर कॉफी पीत बसली.

नात म्हणाली, “आबा, पुसू का पाटी?”

“राहू दे. खाली त्यांच्याच अक्षरांत लिही, अर्थ मालक सांगेल तोच.”