घरापुरता आवाज

नको, तो मोठा नको. तो हत्ती झाला — मग आम्ही झोपायचं कुठे, त्याच्या सोंडेवर? मघाशीच म्हटलं ना, गिटारीचा आवाज काढणारा डबा, तो अँप, घरापुरता हवा. खोलीत वाजेल, भिंतीपलीकडे जाणार नाही, आणि आवाज स्वच्छ. क्लीन म्हणतात तुमच्यात. बघा, शब्द बरोबर आणलाय की नाही? मुलीनं शिकवलाय. एक असतो तो घरघरणारा, रस्त्यावरून पत्रा ओढत नेल्यासारखा, तो नको. तार छेडली की तारच यावी, दुसरं काही मिसळलेलं नको. तांदळात खडा नको, एवढंच. आणि भाऊ, जरा माझ्याकडे तोंड करून बोला. तिकडे फळीकडे बघून बोललात की शब्द फळीवरच राहतात. दुकानात गलका किती आहे — नाही? कुणीच नाही म्हणता? बरं. रस्त्यावरचा असेल मग.

मुलीसाठीच. वाजवते ती. म्हणजे गिटार तिची आहे, इलेक्ट्रिकची, निळी, सपाट, पोटात पोकळी नाही असली. कोपऱ्यावरचा रंग उडालाय. मी म्हटलं, आण, हात मारून देतो, तर अंगावर धावून आली — बाबा, खबरदार, तेच तर छान दिसतं. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, एका जागी ठरायची नाही. — आधी होता ना, अँप होता. हत्तीच होता तो, आणि तिचा एकटीचा नव्हता, चौघा मित्रांनी मिळून घेतलेला. ते येऊन घेऊन गेले. मुलं चांगली हो. दोघांनी उचलला, जिन्यात भिंतीला घासला, तर मलाच सॉरी म्हणाले. मी म्हटलं, भिंत आहे, तिला काय कळतंय. ते गेल्यावर खोलीत चौकोन राहिला, जमिनीचा रंग तेवढ्यात वेगळा. तिथे आता काही ठेवत नाही आम्ही. वळसा घालून जातो. का, ते विचारू नका, पाय आपले वळतात.

मी? मी मागावर होतो. कापडाच्या कारखान्यात, सगळं आयुष्य. आत गेलात तर कळेल, शेजारचा ओरडला तरी तोंड उघडलेलं दिसतं फक्त. मग हातानं बोलायचं. धागा तुटला — असं. कांड्या संपल्या — असं. मुकादम येतोय — नाकाला हात, नाक तसंच होतं त्याचं. माझी बायको सुताच्या कांड्या भरायला होती, पलीकडच्या खोलीत, दारातून दिसायची. आमचं लग्न म्हणाल तर हातांनीच ठरलं. मी विचारलं, असं. ती म्हणाली, असं, म्हणजे नाही. पुढच्या आठवड्यात परत विचारलं, तर म्हणाली, असं, म्हणजे बघते. अजून बघतेच आहे. — तर आम्हाला शाळा-बिळा काही नाही. त्या बटणांखाली काय लिहिलंय ते तुम्हीच वाचायचं आणि तुम्हीच फिरवायचं.

हा? हा बरा दिसतो, आटोपशीर. लावा. वाजवा. हळू हं, घरात माणूस झोपलंय असं समजून वाजवा. मी इथे बसतो स्टुलावर — वाजवा तुम्ही, माझं लक्ष आहे. — हां. — हां, वा. छान. एकदम स्वच्छ आहे, काही मिसळलेलं नाही. हाच द्या बांधून. — काय? — चालूच केला नव्हता?

बरं.

म्हणजे तुम्ही नुसत्या तारा जुळवून बघत होतात. आणि हा लाल दिवा लागतो होय, चालू झाला की. मी दिव्याकडे बघितलंच नाही, तुमच्या बोटांकडे बघत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. — नाही नाही, तुम्ही कशाला ओशाळताय. तुमचं काम तुम्ही करत होतात. मी घाई केली. सवय झालीय मला, बोटं थांबली की छान म्हणायची.

बसा ना तुम्हीपण. गिऱ्हाईक आलं तर उठा. सांगतो. सांगायचं नव्हतं, पण आता दिव्यानंच सांगितलं. ऐकू येत नाही मला. अगदीच नाही असं नाही — ट्रकचा आवाज येतो, दार आपटलं तर येतं, जाड जाड सगळं येतं. बारीक गेलं. मागानं नेलं, आमच्या खोलीतल्या सगळ्यांचं नेलं. तुमचे ओठ दिसतात म्हणून भागतंय. मिशी ठेवू नका, एवढं करा माझ्यासाठी.

आणि मुलगी — मघाशी वाजवते म्हणालो ना. वाजवायची. गेली ती. मागच्या उन्हाळ्यात ताप आला, दवाखान्यात नेली, बरी होईल म्हणाले, मग तसं म्हणायचं थांबले. — हो. एकुलती. — तुम्ही काही बोललं पाहिजे असं नाही. लोकांना वाटतं आपण काही बोललं पाहिजे. मला विचाराल तर मला काहीच होत नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, पाणी भरतो. पाय बधिर झाल्यावर चपलेत आहे की नाही ते खाली बघून ठरवावं लागतं ना, तसं बघत असतो मी — आहे, चपलेत आहे.

वाजवते ती माझी बायको. भिंगरीनं तिला शिकवायला घेतलं होतं. एक दुपार, बस. मी दारात बसून बघत होतो. आई, हे आधी बसव, म्हणाली, हे बसलं की गाणं आपोआप येतं. आणि मग ताप. — नंतर आमची ही कितीतरी दिवस बोललीच नाही. जेवण ताटात तसंच. मग एका संध्याकाळी उठली, गिटार मांडीवर घेतली आणि तेच सुरू केलं. नुसतीच, अँप नाही, काही नाही. तुम्हाला माहीत असेल, अशी नुसती वाजवली की किती आवाज येतो. डासाएवढा म्हणता? तो तुम्हाला. मला डास चावल्यावर कळतो. तर तिचं संपलं आणि तिनं माझ्याकडे बघून हातानं विचारलं — असं, म्हणजे कसं झालं? कारखाना सुटल्यावर इतक्या वर्षांनी हातानं बोलली होती ती. मी काय सांगायचं, ऐकू आलं नाही? मी म्हटलं, छान. त्या रात्री ती जेवली. मग रोज संध्याकाळी तेच, ती वाजवते, मी बघतो, बोटं थांबली की छान म्हणतो. आता बोलते थोडं, शेजारणीला दोन शब्द सुनावतेसुद्धा. तिचे कान शाबूत आहेत, कांड्यांची खोली बरी होती. म्हातारा जाड आवाजाला बहिरा, बारीक ऐकतो — असं धरून चाललीय ती. उलटं आहे हे तिला माहीत नाही, तिला वाटतं तिचं वाजवणं तेवढं मला ऐकू येतं.

मग अडलं कुठे? काल अडलं. काल तिनं विचारलंच नाही कसं झालं. म्हणाली — तोंडानं म्हणाली, म्हणून मला ओठ वाचून कळलं — गाणं येत नाही हो अजून. कुठेतरी चुकतंय माझं. तुम्ही रोज ऐकता, सांगा ना, कुठे चुकतं? — आता? आंधळ्याला वाट विचारली. मी म्हटलं, उद्या नीट लक्ष देऊन ऐकतो आणि सांगतो. ते उद्या म्हणजे आज. म्हणून आलो. आणि म्हणून हळू पाहिजे, शेजाऱ्यांचं निमित्त आहे नुसतं. मोठ्यानं वाजवायला आणला तर लगेच ओळखेल की, याला ऐकू येत नव्हतं. मग ते सगळे छान गेले पाण्यात. तिचं जेवण त्या छानवर चाललंय, भाऊ.

हं. हा कुठला? दिव्यांचा, काचेचे दिवे आहेत आत. आवाज गोड, पण जोरात केल्याशिवाय खुलत नाही म्हणता. मग तो आमचा नव्हे. जोरात खुलणारं माणूस गेलं आमच्या घरातून. — आणि तो खालचा? त्यात दिवे नाहीत, हळू ठेवला तरी आवाज मरत नाही, आणि तोंड रुंद आहे म्हणून जाड सूर लहान आवाजातही भरून येतात. म्हणजे तोंड मोठं आणि आवाज लहान. मुकादमाच्या उलट. लावा तो. दिवा लागला — हो, बघितला या वेळी.

थांबा, मी हात ठेवतो वर. मागावर असंच करायचो, नीट चाललाय की नाही ते कानानं कोण बघणार, तळवा टेकवायचा. वाजवा. जाड तार आधी. — आली. मनगटापर्यंत आली. पुढची — आली. त्याच्या पुढची — हो, थोडी. बारीक? वाजवताय ना? — वाजवताय. बोटाच्या टोकाला मुंगी आल्यासारखी, आहे म्हटलं तर आहे. वाढवू नका, वाढवू नका, एवढंच ठेवा. ते नुसतं जाड सुरांचं बटण आहे ना, ते तेवढं वाढवून बघा. — हां. हे बरं. हे हाताला जास्त येतं. मी सांगीन तिला, टेबल डुगडुगतं म्हणून हात ठेवलाय.

आता एक करा. तिचं जे आहे ते वाजवून दाखवा. मला ते पाठ आहे — कानानं नाही, डोळ्यांनी. इतक्या संध्याकाळी बघितलंय, आम्ही हात वाचणारी माणसं. बघा, सगळ्यात जाड तार, पहिल्या पट्टीत हे बोट. मग मधलं, पुढच्या पट्टीत. मग अनामिका, त्याच्या पुढे. आता खालच्या तारेवर, परत तीच तीन. मग त्याच्या खालच्या. असं थेट बारीक तारेपर्यंत, आणि मग तसंच उलटं वर. वाजवा, माझा हात आहे इथे. — हां — हां. चढतंय. जिन्यासारखं. पायरी, पायरी, पायरी, आणि वळण.

थांबलात का? — काय आहे हे? — गाणं नाही?

बोटं सुटी व्हायला करतात. गिटार हातात घेतली की पहिल्या दिवशी सगळ्यांना देतात. बरं. म्हणजे हे कितीही बसलं तरी — नाही. नाही येणार, तुम्ही म्हणता ते कळलं मला. त्याच्यात गाणं नाहीच. तिनं आपलं म्हटलं असेल, आपोआप येतं, आईनं कंटाळू नये म्हणून. ही बसलीय मग, जिन्यात, दार उघडेल म्हणून.

काय म्हणालात? परत सांगा, तोंड इकडे. — चुकतंय? चार बोटांनी करतात. करंगळी राहिली. प्रत्येक तारेवर चौथी पायरी गाळली तिनं, हे चुकतंय.

नाही भाऊ. चुकत नाही ते. तिची करंगळी वाकत नाही. कांड्यांच्या यंत्राच्या पट्ट्यात गेली होती, लग्नाआधीच, तेव्हापासून अशी ताठ, चहाचा कप धरला तरी वेगळी उभी राहते, भिंगरी लहानपणी तिला टोपी घालायची कागदाची. तिनं एका दुपारीत ती बाजूला काढून तीन बोटांचं बसवून दिलं आईला. मी दारातच बसलो होतो, मला दिसलं नाही. — म्हणजे तुमच्या सगळ्यांचं चारचं, आणि हे तीनचं तिनं केलेलं. हे दुसऱ्या कुणाकडे नसेल मग.

बरं. — नाही, ठीक आहे मी. चपलेत आहे पाय.

हा बांधा. हो, हाच, रुंद तोंडाचा. पण आत्ता नको, दिवा राहू द्या जरा. संध्याकाळी ती विचारणार, कुठे चुकतं. मी सांगणार, कुठेच चुकत नाही, झालं ते, बसलं. मग ती म्हणेल, मग गाणं? — तिला इकडे घेऊन यायचं म्हणता? नको. ती परक्याकडून शिकणार नाही, आणि मी पाठवणारही नाही. मी बघतो तुमच्याकडून आणि घरी जाऊन तिला हातानं दाखवतो. दाखवायला कान कुठे लागतात. मुलीनं मला सांगून ठेवलं होतं म्हणेन, पुढचं. एका छानच्या जागी दुसरं काहीतरी.

तर पुढचं दाखवा. साधं, जिन्याच्या पुढची एक खोली असेल तेवढंच. तीन बोटांत. करंगळी अशी ताठ वर धरा, हां, तिची अशीच असते, आणि सावकाश करा. मला एकदा दिसलं की राहतं. हात इथे, मान तिकडे, सावली पडतेय. आणि आता बोलू नका. तुम्ही बोललात की मला ओठांकडे बघावं लागतं.