न पेटलेली वाकवायची

नाताळचा आदला दिवस. देऊळगाव राजाच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको आणि त्यांची मुलगी. मांडीवरचं बाळ उठू नये म्हणून मी हललेही नाही.

"आज चर्चमध्ये दादा बाजूले बसला, तर मी त्याच्या मेणबत्तीवरून माही पेटवणार नाही," नवरा म्हणाला.

"काऊन? वेदीपासून ज्योत तशीच येते ना, एकाकडून दुसऱ्याकडं."

"पेटलेली सरळ धरतेत, न पेटलेली वाकवा लागते. मी त्याच्यापुढं वाकू?"

"मेणबत्ती वाकते, तुमी नाही."

"बाबा गेले तवा त्यानं मले माती झाल्यावर फोन केला."

"हाव. पण तुमच्या पल्याड मी हावो, माझ्या पल्याड एस्तेर. प्रभू अंधारात उजेड घेऊन आला म्हणून गायचं, अन् उजेड तुमच्यापाशी थांबवायचा?"

"तू पर्समध्ये काडेपेटी ठेवजो."

"पप्पा, काडेपेटीची चालते का?"

साखरखेर्ड्याची गाडी लागली, तसा नवरा म्हणाला,

"एस्तेर, तू माझ्या अन् मोठ्या पप्पाच्या मधात बसजो."

"मले जाळाचं भेव लागते."

"मी धरीन तुहा हात."