सात नंबरचं मशीन

नाही हो मिस्त्री, प्रार्थना नव्हतो करत. ओठ हलताना बघितलेत ना – ते माझ्या बायकोशी बोलणं. घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे. देओलिंदाला जाऊन तीन वर्षं झाली, ठाऊक आहे की मला. पण सवय. या खात्यात असली सोळा मशिनं होती, पीळ घालायची – कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मग बोलायचं कसं? ओठांनी. ती या सात नंबरवर, मी त्या टोकाला बारावर. ‘सार्डिन मासे आणलेत, कांदा नाही’ – एवढं इथून तिथं कळायचं. भांडणंसुद्धा तशीच. आणि भांडण रंगलं की ती मान फिरवायची – झालं, मी मुका! ‘अडेलिनोचं तोंड बंद करायला देओलिंदाला हातसुद्धा लावावा लागत नाही,’ म्हणून सगळं खातं हसायचं.

आता नवी मशिनं बघा, मांजरासारखी चालतात. कुजबुजलेलं ऐकू येतं. पण बोलायचं कुणाशी? खात्यात चार माणसं, चौघंही मशीनच्या पडद्याकडे बघत.

धंदा तगला तो मात्र या नव्या मशिनांवरच, खोटं कशाला बोलू? पूर्वी आम्ही शर्टाचा सुती दोरा करायचो – तो तुर्कस्तानातून, बांगलादेशातून निम्म्या भावात यायला लागला. आपल्या या आव्ह नदीच्या खोऱ्यातल्या गिरण्या एकेक करून निजल्या. आमचे मालक, इंजिनिअरसाहेब, म्हणाले, ‘अडेलिनो, स्वस्तात आपण हरणार. अवघड असेल ते करू.’ म्हणून हा नायलॉनचा दोरा. गाडी आदळली की पुढ्यात हवेची पिशवी फुगते ना, तिच्या शिवणींचा. काही शिवणी धरून ठेवायच्या, काही ठरल्या ओढीला तुटायच्याच. जन्मभर तुटू नये म्हणून पीळ दिला, आणि म्हातारपणी दोऱ्याला वेळेवर तुटायला शिकवतोय.

सोमवारी गिऱ्हाइकाची माणसं तपासायला येणार. दोऱ्यात कापसाचा एक तंतू सापडला तरी काम गेलं – गिरणीतल्या चाळीस घरांची चूल त्याच्यावर. आणि कापूस उडवणारं मशीन उरलंय एकच. हे, तिचं. बारीकसारीक सुती कामाला म्हणून साहेबांनी ठेवलं – म्हणजे माझ्यासाठीच हो. काढा असं ते कधीच म्हणाले नसते. मग कोण म्हणालं? ... मीच. मंगळवारी टोपी हातात धरून गेलो – साहेब, काढा ते.

तेवढं तिला सांगायचं राहिलंय. रोज इथं उभा राहतो, ओठ हलवतो – पण कांदे, सार्डिन, शेजारणीचं मांजर, तेच. हे शांततेत निघत नाही तोंडातून. आणि सांगितलं, नि तिनं मान फिरवली तर?

पाना ठेवा खाली, मिस्त्री. तोडायला अख्खी दुपार आहे. पाचच मिनिटं चालू करा – पूर्ण वेगात, पूर्वीसारखं. हं. आणि मग तिकडे खिडकीकडे तोंड करून उभे राहा. ऐकू काही येणार नाही, तरीपण. दाबा बटण.

फिरा आता.