भावापेक्षा चार बोटं उंच

…न्हाई, पर ह्यात माझं काय चुकलं, ते तुमीच सांगा! बटन दिलंय म्हनल्यावर मानूस दाबनारच का न्हाई? दाबायचं नव्हतं तर ठेवायचं कशाला? आनि मी काय वंगाळ इचारानं दाबलं का? मी आपलं म्हनलं, बगू तरी काय व्हतंय!

तुमाला सांगतो, उंब्रजात हायवेच्या कडंला उसाच्या ट्रॉल्या करायचं आपलं वर्कशॉप. लालासाहेब ट्रॉलीवाला म्हनलं की कुनी बी वाट दावंल. सगळं झ्याक चाललं व्हतं, आनि आमचा विश्वजित पुण्याची नोकरी सोडून घरी आला. आला ह्याचा आनंदच हाय, पर आल्या आल्या म्हनतो कसा, "आबा, गिऱ्हाईक आलं की तुम्ही खडूनं फरशीवर ट्रॉली काढता, आणि संध्याकाळी झाडू मारला की ट्रॉली गेली केरात! असं नाही चालणार. सॉफ्टवेअर घेऊ." मी म्हनलं, ट्रॉलीला सॉफ्टवेअर? तर म्हनला, "हे जमलं तर मी कायमचा इथं. नाही जमलं तर दिवाळी झाली की मी पुण्याला." झालं! आमच्या शालूबाईनं तितंच डोळ्याला पदर लावला, "आवं घ्या की ते काय असंल ते! पोरगं डोळ्यासमोर ऱ्हातंय तर!" आता खोटं कशाला बोलू, मला बी तेच पायजे व्हतं. पोरगं घरात असलं की जेवताना ताटावर बोलायला मानूस असतं वो. म्हंजी सॉफ्टवेअर घेतलं ते ट्रॉलीसाठी न्हाईच, पोरासाठी!

मग सांगलीस्नं माया आली. तिची सोताची कंपनी हाय, हेच करती. कुनी गेट बनवतंय, कुनी कडबाकुट्टी बनवतंय, त्यांच्या मालात काय काय प्रकार हायेत, कशाला काय बसतं, समदं त्या सॉफ्टवेअरमदी भरून देती. मग गिऱ्हाईकानं नुसतं बोट लावायचं, हौदा एवढा, चाकं एवढी, रंग अमका… की ते बुडाचं स्प्रिंगचं पाटं, एक्सल, भाव आपलं आपुन जुळवतं, चित्र काढतं, आनि कोटेशन थेट मोबाइलवर! मला तर लय नवल वाटलं. मी खुर्ची वडून तिच्या शेजारीच बसलो. "आनि पोरी, दोन चाकावर मोठा हौदा मागितला तर?" "नाही म्हणेल ते, काका." "गिऱ्हाईक अडूनच बसलं तर?" "तरी नाहीच म्हणेल." आरं तिच्या! सगळी हयात गेली माझी, मला गिऱ्हाईकाला न्हाई म्हनता आलं न्हाई, आनि ह्ये एका दुपारात शिकलं?

मग ती म्हनली, "काका, उंचीला मर्यादा किती घालू?" मी म्हनलं, "मर्यादा? आगं, दारात आलेल्या गिऱ्हाईकाला कसली मर्यादा घालतीस!" तिनं बिचारीनं ती जागा मोकळी सोडली. तितंच घोड्यानं पेंड खाल्ली, पर ते मागनं कळलं.

आता तुमी आपल्याच भागातली, तुमाला काय सांगायचं… आपल्याकडं ट्रॉली कुनी फुटात मागतंय का? छ्या! आप्पासो आला. आल्यावर च्या झाला, सोयरीक निघाली, पावसाचं झालं, आनि मग हळूच, "लालासाब, आमच्या हरिबाची केवढी करायलाईस?" हरिबा म्हंजी त्याचा सख्खा चुलतभाऊ, बांधाला बांध. "त्याच्यापरीस चार बोटं उंच कर. बाकी तुज्यावर सोडलं." झाली ऑर्डर! आनि ह्ये सॉफ्टवेअर मला इचारतंय, उंची किती? आता काय घालू? मी मायाला फोन लावला. "पोरी, एकाची उंची दुसऱ्याच्या ऑर्डरीवरनं घेता येती का?" ती म्हनली, "येते की काका. पण असं मागतं कोण?" मी म्हनलं, "कोन न्हाई मागत, ते इचार!" तिनं वाट दावली. विश्वजित गेलाय कराडला रंग आनाय. मी एकटाच. मी म्हनलं, बगू तरी!

आप्पासोची उंची: हरिबाची अधिक चार बोटं. घेतलं! काय सांगू तुमाला, मला वाटलं, गड्या लालासाब, तू इंजिनेर झालास!

आनि तेवढ्यात हरिबा दारात. च्या झाला, सोयरीक झाली, पाऊस झाला… "लालासाब, आप्पा येऊन गेला म्हनं. त्याची केवढी ठरली?" आता मी काय सांगावं? तर तोच म्हनला, "किती का असंना, माजी त्याच्यावर चार बोटं पायजे." मी मनात म्हनलं, आता बगू ह्ये शाणं काय करतंय! हरिबाची उंची: आप्पासोची अधिक चार बोटं… आनि दाबलं.

आवं, पडद्यावर ट्रॉली वाढाय लागली की! ह्याची चार बोटं चढली का त्याची चार बोटं चढायची, त्याची चढली का परत ह्याची! गुळाची काईल उतू चालल्यागत नुसती वर, वर, वर! उंची वाढली म्हनून त्यानं पाटं वाढवली, पाटं वाढली म्हनून चाकं वाढवली, मी आपलं "आरं थांब, थांब की बाबा!" तर ते कशाला ऐकतंय, समदं एका तालात! आनि वर त्याचं इमान बगा, दर खेपंला नवं कोटेशन दोगांच्या मोबाइलवर!

संध्याकाळी दोगं बी आले, मोबाइल नाचवत. आप्पासो म्हनतो, "ट्रॉली करतोयस का देवळाचं शिखर?" हरिबा म्हनतो, "आरं, हिच्यात ऊस भरायला हेलिकाप्टर आनू का?" आनि दोगांच्या मागं आमचा विश्वजित उभा. त्यो सरळ आपल्या पुण्याच्या बॅगेकडं गेला… म्हनलं लालासाब, पोरगं हातचं घालवलंस बटनापायी.

पर पोरगं बॅगेतनं कपडं न्हाई, लॅपटॉप काडाय गेलं व्हतं! दोगांस्नी बसवलं, पडदा फिरवला, "आप्पासो नाना, तुमची ट्रॉली हरिबा नानांपेक्षा चार बोटं उंच. हरिबा नाना, तुमची आप्पासो नानांपेक्षा चार बोटं लांब. बघा पटतंय का." आप्पासो वर बगतोय, हरिबा आडवं बगतोय, आनि दोगांच्या बी मिशीत हसू! आडव्हान्स देऊन गेले की! मी इकडं डोळं पुसतोय. म्हनलं ऱ्हायलं, पोरगं ऱ्हायलं!

दुसऱ्या दिशी माया धावत आली. मला वाटलं, आता मला झाडनार. तर डोळं ह्ये एवढं करून म्हनती, "काका, हे नेमकं केलंत कसं? परत करून दाखवा." दावलं. "आणि अजून काय दाबलं तर बिघडतं?" ते बी दावलं, मला काय, मी सगळीच बटनं बगून ठेवल्याली! तर म्हनती, "काका, आमच्या हापिसात एवढी शिकलेली मुलं, पण असं बिघडवायला एकालाही येत नाही. गिऱ्हाईकाच्या हातात जायच्या आधी बिघडवून बघणारा माणूस आम्हाला पाहिजेच असतो. याल का सांगलीला?"

मी तोंड उघडायच्या आत विश्वजित म्हनला, "न्या!"

इचारलं बी न्हाई वो मला! शालूबाईनं तर लगेच डबा काडला. आता रोज सकाळी सांगलीची यष्टी. पोरानं घरात ऱ्हावं म्हनून एवढं केलं… ऱ्हायला. लय गुनाचा हाय. रोज फटफटीवर मला फाट्यापतूर सोडतो, गाडीत बसवतो, आनि गाडी सुटंपतूर हालत न्हाई तितनं.

मी मदीच उतरून माघारी यीन म्हनून!