दादा टीव्हीच्या कडेबाहेर

अरे, रविवार होता. मुलुंडला ओट्यावर बांगडे साफ करत होतो, तेवढ्यात मालवणहून फोन आला. दादा गेला. आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आम्हाला जाता येईना. दादाच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत टेकवला आणि तो विधीला बसला. आईला बारीक दिसत नाही, म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. पण चित्राच्या कडा कापल्या जात होत्या आणि दादाचं डोकं नेमकं कडेला.

"रे, माका पाय कित्याक दाखवतंस? तोंड खंय आसा?" आई म्हणाली.

"रिझोल्यूशन कमी कर ना यार," शेजारचा सुन्या म्हणाला. केलं, तर कडा तशाच, वर चित्र धुरकट.

मग मी टीव्हीचा रिमोट घेतला. चित्र झूमवर होतं.

"तां मियाच केलंय," आई म्हणाली. "शिरेल बघताना बाजूक काळे पट्टे दिसत, म्हणान."

झूम काढला. दादा पूर्ण दिसला. आईने हात जोडले. "जा हां बाबू." तिकडे त्याला उचललं.

मी रिमोट धरून चारही कडा तपासत होतो. माझा नमस्कार करायचा राहिला.