मधात म्हैस पायजे

रूपसिंग : सिस्टर, तिले विचारा, माहं धोतर कुठी हाय.

बबिता : काका, सून तुमच्या पायाशीच बसली आहे. तुम्हीच विचारा ना.

रूपसिंग : आमच्यात सासरा सुनेसंग बोलत नाई.

बबिता : बरं. वर्षाताई, धोतर कुठे आहे?

वर्षा : बापूले सांगा सिस्टर, धोतर जाग्यावर हाय. हर्नियाचं आपरेशन झालं का भेटते.

रूपसिंग : मले आत्ताच पायजे.

बबिता : कशाला? थोड्या वेळात तुम्हाला ऑपरेशनला न्यायचं आहे. गाऊन दिला आहे, तोच घालायचा.

रूपसिंग : या गाऊनले मांगून कापडच नाई.

बबिता : तो असाच असतो.

रूपसिंग : मंग हा घालून मानूस बस स्टँडवर कसा जाईन?

बबिता : बस स्टँडवर काय काम आहे तुमचं?

वर्षा : पुसदची गाडी पकडाची हाय त्याईले. मांगच्या खेपीलेबी असेच दवाखान्यातून निंगून गेलते. तिथच्या सिस्टर साऱ्या वार्डात शोधून राह्यल्या, अन् हे तांड्यावर बकरीचं दूध काढून राह्यले.

रूपसिंग : ते बकरी दुसऱ्याले हात लावू देत नाई.

बबिता : आणि मुलगा कुठे आहे?

वर्षा : ते ट्रकवर हायेत, माल खाली करून येतीन. सासूबाईचे, आमच्या याडीचे, गुडघे धरले. म्हनून मी आली.

बबिता : लग्नाला पाच वर्षं झाली म्हणता. घरी कसं चालतं तुमचं?

रूपसिंग : पोराची माय मधात असते. नसली तं म्हैस हाय.

बबिता : मध्ये म्हैस?

वर्षा : मी म्हशीले म्हनते, म्हशी, चहा झाला. बापू आयकते अन् येऊन पेते.

रूपसिंग : म्हैस मन लावून आयकते. मधात बोलत नाई.

बबिता : इथे म्हैस कुठून आणू मी? हा सलाईनचा स्टँड आहे, यालाच सांगा काय ते. मला पलीकडे ड्रेसिंग करायचं आहे.

वर्षा : सिस्टर, तुमी गेल्या तं आमी...

बबिता : स्टँड आहे ना.

रूपसिंग : गेली. ए स्टँड. धोतर दे म्हनावं.

वर्षा : स्टँडभाऊ, बापूले सांगा, देत नाई.

रूपसिंग : तिले सांग, कापूस येचाले आला हाय. होळी झाली का करू आपरेशन.

वर्षा : कापसाले बाया लावल्या हायेत. बापूनंच लावल्या, स्टँडभाऊ.

रूपसिंग : पाठीत सुई देते म्हने.

वर्षा : देते.

रूपसिंग : कमरीखालचा मानूस बेपत्ता होते म्हने.

वर्षा : थोडा वेळ. मंग वापस येते.

रूपसिंग : भीमसिंगचे पाय नाई आले वापस.

वर्षा : भीमसिंगकाकाच्या पायावरून बैलगाडी गेलती. त्याईले हर्निया नोयता.

रूपसिंग : हे भीमसिंगनं सांगतलं नाई.

वर्षा : साऱ्या तांड्याले माहीत हाय.

रूपसिंग : स्टँड, तिले सांग, मले भेव लागते.

वर्षा : स्टँडभाऊ, मलेबी लागते.

रूपसिंग : तुले काहून? सुई तं मले हाय.

वर्षा : हे मले विचारलं का स्टँडले?

रूपसिंग : स्टँडले.

वर्षा : मंग स्टँडभाऊ, आयका. माह्या बापालेबी हर्निया होता. डॉक्टर म्हने, करून घ्या. बाप म्हने, तूर निंगू द्या. तूर निंगाली, पोते घरात लागले, अन् बापाचं आतडं अडकलं. गाडी येईपावतर सारं आटपलं. तूर लय चांगली झालती त्या साली. घरात कोनी त्या तुरीचं वरन खाल्लं नाई. बापू, उशी उचला.

रूपसिंग : स्टँड, हे कोनाले बोलली?

वर्षा : तुमाले बोलली. उशीखाली धोतर हाय. रात्रभर तुमी त्याच्यावरच डोकं ठेवून झोपले. जाचं असन तं नेसा अन् जा, मी मांगं येत नाई. पन याडीले काय सांगाचं थे तुमीच सांगा. एका बापाचं सांगून झालं हाय माहं.

रूपसिंग : स्टँड.

वर्षा : त्याले कायले आवाज देता? मी बोलून राह्यली.

रूपसिंग : स्टँड, तिले सांग, धोतराची घडी मोडली. नीट घडी करून पिशवीत ठेव म्हनावं. घरी जाताना चुरगळलेलं बरं दिसत नाई.

(ऑपरेशन झालं आहे. त्याच दिवशी, दुपार कलल्यावर. तोच वॉर्ड.)

बबिता : काका, कसं वाटतंय?

रूपसिंग : तिले विचारा, माहे पाय हायेत का.

वर्षा : हायेत, सिस्टर. दोनी.

रूपसिंग : नीट पाहून सांग म्हना.

वर्षा : चादर उचलून पाह्यलं. डाव्या पायाचा अंगठा हालूनबी राह्यला.

रूपसिंग : मी नाई हालवला.

बबिता : सुईचा असर उतरतो आहे, काळजी करू नका. लघवी झाली का? डॉक्टरांना सांगायचं आहे.

रूपसिंग : हे तिच्यापुढं विचारू नका.

वर्षा : मी कानावर पदर घेतला, सिस्टर. विचारा.

रूपसिंग : नाई झाली.

वर्षा : सिस्टर, नळ सोडू का? पान्याच्या आवाजानं होते म्हनते.

बबिता : तुम्ही कान झाकले होते ना?

वर्षा : झाकले हायेत.

बबिता : बरं, थोडी वाट पाहू. सलाईन संपलं आहे, हा स्टँड मी नेते. तिकडे एक पेशंट आला आहे.

रूपसिंग : स्टँड राहू द्या.

बबिता : रिकाम्या स्टँडचं काय करता?

वर्षा : राहू द्या ना, सिस्टर. सकाळी न्या.

बबिता : वॉर्डात दोनच आहेत हो, दुसऱ्याचं चाक गेलं आहे. ताई, पाय घ्या बाजूला.

रूपसिंग : नेला.

वर्षा : हो, नेला.

रूपसिंग : वर्षा.

वर्षा : हां, बापू.

रूपसिंग : काई नाई. आवाज देऊन पाह्यला.

वर्षा : आयकू आला.

रूपसिंग : म्हशीले सांगू नको.